बुजवलेलं भोक आणि रोजमेरीची नऊ रोपं

हमीदाआपाचं नाव सगळ्यात आधी लिहिते. नाहीतर लिहिण्याच्या भरात ते राहून जायचं आणि मग मला चैन पडायचं नाही. पडेगावच्या एका रोपवाटिकेत ती रोपं करते. वय साठीच्या पुढं, हातात हिरव्या बांगड्या, नखांत कायम माती. आज मी गारखेड्यातल्या पंधरा घरांच्या गच्च्या आणि अंगणं सांभाळते, अनोळखी बायका फोन करून "रोजमेरीवाल्या ताई तुम्हीच का?" विचारतात, ते तिच्यामुळं. तिला वाचता येत नाही. हे छापून आलं की मी तिच्याजवळ बसून वाचून दाखवणार आहे. काही चुकलं असेल तर ती तिथंच सांगेल.

मी मूळची भंडारा जिल्ह्यातली. वैनगंगेच्या काठचं गाव, धानाचा मुलूख. सातवीनंतर शाळा सुटली, कारण आठवीचा वर्ग नदीपलीकडच्या गावात होता आणि पावसाळ्यात घरी रोवण्याला माणूस लागायचं. रोवणा म्हणजे धानाची लावणी. दिवसभर पोटरीएवढ्या पाण्यात वाकून उभं राहायचं. लग्न झालं, नवऱ्याला वाळूजच्या एका कंपनीत काम लागलं आणि मी या शहरात आले. इथं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं हे ऐकल्यावर पहिल्या दिवशी मला रडू आलं होतं. माझ्या माहेरी पाणी कुणी मोजत नाही, पाण्याला फक्त वाट दाखवतात.

माझा स्वभाव घाबरट आहे. गॅस बंद केला का, हे मी तीनदा बघते. पडेगावला पिशव्या भरायच्या कामावर लागले तेव्हा मालकांनी पहिल्याच आठवड्यात मला काढायचं ठरवलं होतं, कारण मी प्रत्येक पिशवी भरून झाल्यावर "बरोबर आहे का?" विचारायची. हमीदाआपा म्हणाली, "मेरे पास छोडो इसकू." तेव्हापासून मी तिच्याजवळ बसले. दोन वर्षं. तिनं माझं नाव कधी घेतलं नाही. मी तिची भंडारेवाली.

गारखेड्यातल्या शशिकलाबाई तिथं रोपं घ्यायला यायच्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, बोलणं तोलून मापून. गच्चीवरच्या बागेसाठी त्यांना माणूस हवं होतं. आपा त्यांना म्हणाली, "इसकू ले जाओ, बाई. डरती बहोत, मगर काम पक्का." बाईंनी मला नेलं. पुढं बाईंच्या शब्दावर त्यांच्या गल्लीतली आणखी तीन घरं मिळाली आणि मी पिशव्या भरायचं काम सोडलं. म्हणजे माझं सगळं बाईंच्या एका शब्दावर उभं होतं, हे लक्षात ठेवा.

बाईंच्या गच्चीवर मोगरा होता, कढीपत्ता होता, शेवंती होती. पण त्यांचा जीव एका मातीच्या कुंडीत होता. त्यात रोजमेरीचं पाच वर्षांचं झुडूप, माझ्या गुडघ्याएवढं. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पानं सुईसारखी बारीक, वरून हिरवी, खालून पांढरट. हात फिरवला की निलगिरी आणि कापूर एकत्र चुरगळल्यासारखा वास येतो, आणि तो संध्याकाळपर्यंत बोटांना राहतो. बाई उकडलेले बटाटे तेलात परतताना त्याच्या दोन काड्या टाकायच्या. दरवर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला त्या घरी पाव भाजायच्या, त्यातही हीच पानं बारीक चिरून. जयंतीच्या सकाळी अख्ख्या गल्लीला तो पाव जायचा. बाईंच्या हातचा पाव खाल्ला नाही असं मूल त्या गल्लीत नव्हतं. मी हौसेनं एकदा घरी वरणाच्या फोडणीत ती पानं टाकून बघितली. नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि शांतपणे विचारलं, "साबण पडला का?"

त्या वर्षी संक्रांत झाल्यावर बाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला बहिणीकडं गेल्या. जयंतीच्या आत परत येते म्हणाल्या. किल्ली माझ्या हातात दिली आणि एवढंच सांगितलं, "ललिता, बाकी काही वाळलं तरी चालेल. रोजमेरी मात्र सांभाळ."

हे वाक्य माझ्यासारख्या बाईला सांगायचं नसतं.

दुसऱ्याच दिवसापासून मी त्या कुंडीला पाणी घालायला लागले. सकाळी एकदा, दुपारी जाता जाता एकदा. पाणी घातलं की ते कुंडीच्या बुडाच्या भोकातून बाहेर यायचं आणि गच्चीवर पसरायचं. मला ते बघवेना. ज्या शहरात लोक आठवडाभराचं पाणी पिंपात भरून त्यावर झाकण ठेवतात, तिथं हे पाणी असं वाहून जातंय. आमच्याकडं धानाच्या बांधीला, म्हणजे वाफ्याला, खेकडा भोक पाडतो. ते दिसलं की कुणी कुणाला विचारत नाही. मूठभर चिखल घ्यायचा, भोकात कोंबायचा आणि अंगठ्यानं दाबून सारवायचा. नाहीतर सकाळपर्यंत बांधी कोरडी. लहानपणापासून अशी शेकडो भोकं मी बुजवली आहेत. मी कुंडी तिरपी केली, बाजूच्या कुंडीतली काळी माती मळली आणि ते भोक बुजवून टाकलं. अंगठ्यानं दाबून सारवलं. त्यानंतर एक थेंब बाहेर आला नाही. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी गॅस एकदाच बघितला.

तीन आठवड्यांनी झुडूप मान टाकायला लागलं. धान मान टाकतं ते पाण्यावाचून, एवढंच मला ठाऊक. मी पाणी वाढवलं. शेंडे काळपटले, खालची पानं हात लावला की झडायला लागली. मी आणखी वाढवलं. बाई दर रविवारी फोन करायच्या. पायाचं सांगायच्या आणि शेवटी विचारायच्या, "रोजमेरी कशी आहे?" मी म्हणायची, "आहे, बाई." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्या फोनांची मला आजही लाज वाटते.

शेवटी एका सकाळी कुंडी पोत्यात धरून मी दोन रिक्षा बदलत पडेगावला निघाले. कुंडी मांडीवर, झुडूप तोंडासमोर. शेजारच्या आजोबांनी दोनदा नाक वर केलं.

"पोरी, बामची बाटली फुटली का काय तुझी?"

"झाड आहे, आजोबा."

"मग दवाखान्यात चाललीस का?"

व्हय म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

हमीदाआपानं कुंडी उचलून बघितली आणि लगेच खाली ठेवली. "ये कुंडी है के घागर?" मग तिनं ती आडवी केली, बूड बघितलं, नखानं ती वाळलेली माती खरवडली आणि माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं. खेकडा, बांधी, अंगठा, सगळं. मला वाटलं, आता ती ओरडेल. ती खाली बसली आणि हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. नंतर गंभीर झाली.

"समझी मैं. तू इसकू धान समझी."

तिनं लोखंडी सळीनं ती माती काढली. आत साचलेलं पाणी बाहेर आलं. नाल्यासारखा वास. तिनं झुडूप अलगद बाहेर काढलं, मुळं दाखवली. काळी, मऊ, दोरा कुजावा तशी. ती म्हणाली, या झाडाला तहान नव्हतीच. मुळांना हवा मिळाली नाही, मुळं कुजली, आणि मुळं कुजली की पाण्यात उभं राहूनसुद्धा झाड तहानेनं मरतं. वरून मात्र दोन्ही सारखंच दिसतं, मान टाकलेलं.

"जड गई," ती म्हणाली. "पर उप्पर की डालियां अब्बी जिंदी हैं. रोने का काम बाद में. कैंची ला."

पुढचं मी जसं शिकले तसं लिहिते, कारण आज पंधरा घरांत मी तेच करते. फांदीचा शेंडा घ्यायचा, बोटभर लांबीचा, फार कोवळा नाही आणि लाकूड झालेलाही नाही. वाकवला तर वाकेल, मोडणार नाही असा. खालच्या अर्ध्या भागाची पानं ओरबाडून काढायची. माती वापरायची नाही, धुतलेली वाळू आणि नारळाचा भुसा निम्मा निम्मा. पिशवीला भोकं पाडायची. "गिनके पाड," आपा म्हणाली, "और एक बी बंद करी तो हाथ तोडूंगी." काडी लावायची, एकदा पाणी द्यायचं आणि हिरव्या जाळीखाली सावलीत ठेवायचं. त्या झुडुपात धड अशा चौदा काड्या निघाल्या. उरलेल्या चांगल्या फांद्यांच्या तिनं जुड्या बांधायला लावल्या आणि सावलीत उलट्या टांगल्या. म्हणाली, पानं वाळतील, वास टिकेल, कुठं ना कुठं कामी येतील.

जाळीखाली तेव्हा पाऊल ठेवायला जागा नव्हती. आपानं तिथला मोगऱ्याचा एक ट्रे बाहेर काढला आणि माझ्या चौदा पिशव्या आत ठेवल्या. मी ते बघितलं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

यानंतरचे दिवस माझ्या स्वभावाला फार जड गेले. मी रोज काम उरकून पडेगावला जायची. झारी दिसली की हात शिवशिवायचा. आपानं त्यावर उपाय काढला. "पानी डालने का दिल करा, तो खुद पी ले." मी खरंच प्यायची. त्या महिन्यात मी जेवढं पाणी प्यायले तेवढं आयुष्यात प्यायले नसेन. बाराव्या दिवशी मात्र राहवलं नाही आणि मी एक काडी हळूच ओढून बघितली, मूळ फुटलं का म्हणून. फुटलं होतं. भाताच्या शितापेक्षा बारीक, पांढरं. माझ्या हातातच ते तुटलं. आपा दुरून बघत होती. ती उरलेल्या तेरा पिशव्यांकडं बोट करून म्हणाली, "अब तेरा." त्यानंतर मी हात मागं बांधून बसायला शिकले.

आणखी चार काड्या आपोआप वाळल्या. त्यांचं कारण आपालाही सांगता आलं नाही. उरल्या नऊ. मार्च संपता संपता त्या नवांच्या शेंड्यांना पोपटी पानं आली आणि एका पिशवीच्या भोकातून पांढऱ्या मुळाचं टोक बाहेर डोकावलं. ज्या भोकाची मला एवढी चीड आली होती, त्याच भोकातून. मी ते आपाला दाखवलं. तिनं चष्मा वर केला, वाकून बघितलं. "हौ," म्हणाली. तिची शाबासकी याच्यापेक्षा मोठी नसते.

बाई एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आल्या. काठी टेकत, एकेक पायरी चढत गच्चीवर आल्या. जिथं मोठी कुंडी असायची तिथं नऊ छोट्या पिशव्या रांगेत होत्या. मी आधीच ठरवलं होतं, त्यांनी विचारायच्या आत सांगायचं. सांगितलं. फोनवरच्या "आहे, बाई"चंसुद्धा सांगितलं. चार घरं जातील, परत पिशव्या भरायला जावं लागेल, आणि आपानं ज्या तोंडानं माझी हमी दिली होती ते तोंड खाली जाईल, एवढंच डोक्यात होतं.

बाईंनी काठी कठड्याला टेकवली. मग त्यांनी विचारलं, "भोक कसं बुजवलंस?"

मी काळी माती मळून करून दाखवलं. चिखल, अंगठा, सारवणं.

"हे कुणी शिकवलं?"

"आईनं."

"चांगलं शिकवलंय," बाई म्हणाल्या. "जागा चुकली फक्त." त्यांनी एक पिशवी उचलून वास घेतला. "शाळा कितवीत सोडलीस?"

"सातवीनंतर."

"कुणी सोडू दिली तुला, मला त्या माणसाला भेटायचंय. हे सगळं लिहून आण. कुठं चुकलं, का चुकलं, कसं वाचवलं. शुद्धलेखन मी बघते."

काम गेलं नाही. उलट दोनशे पानी वही मिळाली.

जयंतीच्या आदल्या दिवशी मी टांगलेल्या जुड्या पडेगावहून आणल्या. वाळलेली पानं हातानं चोळून बाईंनी पिठात घातली. वाळलेली निम्मीच घालायची, त्यांचा जोर जास्त असतो, हे मला तेव्हा कळलं. पाव फुगला. दुसऱ्या दिवशी सकाळी निळ्या झेंड्यांखाली गल्लीभर तो वाटला. कदमकाकांनी दोनदा घेतला.

हे कदमकाका म्हणजे निवृत्त ग्रामसेवक, समोरच्याच घरातले, डोक्यावर एक केस नाही. पाव खाता खाता मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "हे तेच झाड ना, ज्याचं पाणी आजकाल पोरी डोक्याला मारतेत? किती दिवसांत येतेत?"

"काय, काका?"

"केस."

मी म्हटलं, मुळं नीट धरायला सहा आठवडे लागतात, केसांचं मला माहीत नाही. मी फक्त झाडाची खात्री देते. त्यांनी तरीही एक रोप मागून घेतलं. केस आजपर्यंत आले नाहीत. पण काका रोज सकाळी कुंडी दोन्ही हातांनी उचलून वजन बघतात, हलकी लागली तरच पाणी घालतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून सांगतात, "पाणी कमी, ऊन जास्त. लई नखऱ्याचं नाय हे झाड. आपणच नखरे करतो." त्यांच्यामुळं गल्लीत मला सात घरं मिळाली, हे कबूल करते.

पावसाळ्यात मात्र या झाडाचा खरा कस लागतो. आमच्या इथल्या उन्हाला ते भीत नाही, दुपारची थोडी सावली दिली की मे महिना काढतं. पण चार दिवस झड लागली की संपलं. म्हणून कुंडी विटांवर उचलायची, छज्ज्याखाली सरकवायची, आणि मातीत निम्मा मुरूम घालायचा, इथं जो डोंगरातून फुकट पडतो तो. गेल्या पावसाळ्यात शहरभर किती जणांची रोजमेरी गेली. माझ्या पंधरा घरांतलं एक रोप गेलं नाही. हे लिहिताना भीती वाटते, पण खरं आहे.

याच्याही पुढची गोष्ट वेरूळची. लेण्यांजवळच्या एका अतिथीगृहाला स्वयंपाकघरामागं रोजमेरीची रांग हवी होती. तीस रोपं. सगळी बाईंच्या त्या एका झुडुपाची नातवंडं. मी पोचले तर तिथल्या देखरेखीच्या माणसानं काळ्या मातीत तीस खड्डे करून ठेवलेले. मी म्हटलं, यात लावणार नाही. आधी दगडगोटे आणि मुरूम टाकून हातभर उंच ओटा करा.

"ताई, आमचं रान लई भारी हाय. काही टोचलं तरी येतं यात."

"भारी आहे म्हणूनच नको. पाणी धरून ठेवतं."

"तू शिकलेली किती?"

"सातवी," मी म्हटलं. "पण या झाडाची पूर्ण."

एवढं बोलले आणि माझीच मला भीती वाटली. मी परत फिरायला निघाले होते. त्यानं मालकाला फोन लावला, आणि दुपारी मुरमाचा ट्रॅक्टर आला. आज तिथं तीसच्या तीस उभी आहेत, कमरेएवढी. निळी फुलं आली की मधमाश्या येतात. मी महिन्यातून एकदा जाते, कात्री लावते, आणि परतताना बसमध्ये माझ्या हातांच्या वासानं माणसं वळून बघतात. मी खिडकीकडं तोंड करून हसते.

वेरूळच्या त्या पहिल्या खेपेनंतर मी पेढे घेऊन पडेगावला गेले. आपा मालकांच्या खोलीत होती, म्हणून पिशव्या भरणाऱ्या रुक्मिणीमावशीला आधी पेढा दिला. ती सहज बोलून गेली. त्या फेब्रुवारीत आपानं जाळीखालून बाहेर काढलेला मोगऱ्याचा ट्रे कुणाच्या तरी मागणीचा होता. उन्हात सगळा वाळला. मालकांनी सगळ्यांदेखत आपाला बोल लावला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली, माझं लक्ष नव्हतं. माझं नाव घेतलं नाही. तेव्हा मी रोज तिथं जात होते, तिच्याशेजारी बसून पाणी पीत होते, आणि तिनं एका शब्दानं मला कळू दिलं नाही. मी कधी तो मोगऱ्याचा ट्रे कुठं गेला हेही विचारलं नाही. स्वतःच्या काळजीत माणूस किती आंधळं होतं, हे त्या दिवशी कळलं.

आपा बाहेर आली. माझा चेहरा बघून तिला समजलं. "रुक्मिणी की जबान लंबी है," म्हणाली आणि पेढा तोंडात टाकला. मी विचारलं, आपा, मी हे कसं फेडू. तिनं हात झटकला. मग जरा वेळानं, पिशव्या भरता भरता, वर न बघता म्हणाली, "वो तेरी फसल. पूरी पानी में खडी रहती? झूठ बोलती तू."

"खरंच, आपा."

"मैंने तो उमरभर मुरूमच देखा. एक बार दिखा."

तर हे मी इथं छापून देते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. आपा, तुझे गुडघे चालतात तोवर, एका रोवण्याला मी तुला माझ्या गावी घेऊन जाणार. रेल्वेत खिडकीची जागा तुझी. माझी आई तुला घरच्या तांदळाचा भात वाढेल. तुला बांधावर बसवीन, पाय पाण्यात सोडायला लावीन, आणि नजर जाईल तिथवर पाण्यात उभं असलेलं धान दाखवीन. आणि खेकड्यानं पाडलेलं एक भोक तुझ्यासाठी राखून ठेवीन. ते कुणाला बुजवू देणार नाही. मूठभर चिखल मी तुझ्या हातात देईन, आपा. दाबून सारवायचं, अंगठ्यानं. तिथं ते बरोबर असतं.